सोमवारची हजेरी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शालनजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवाजवळ तर बिल्कुलच नाही — त्याला सगळं माहीत असणार, मग आपण कशाला विषय काढा, असं करत करत आठ वर्षं काढली.

इथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंकासाठी मला गुलाबाच्या छाटणीवर लिहायला सांगितलं होतं. करोल बागेत खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी ही गावाकडची पोरं, चांगली आहेत. म्हणाली, काका, दिल्लीत उभा जन्म माळीकाम केलंत, दोन पानं सहज लिहाल. बसलो लिहायला. छाटणी ऑक्टोबरात करावी — एवढी एक ओळ झाली आणि हात थांबला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा हात थांबण्यात नवल नाही. पण थांबला तो शिक्षणामुळे नाही. शालन, माझी बायको, गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी उरलेलं नाही. मुलगी कोल्हापुरात, तिच्याशी फोनवर पाच मिनिटं. बाहेर सगळं हिंदी. आता कागदावर मराठी लिहायला घेतली तर गुलाब बाजूलाच राहिले आणि भलतंच वर आलं. हे आलं. छापायचं की नाही ते पोरांनी ठरवावं.

मी निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, एका नर्सरीत चौधरी होतो. चौधरी म्हणजे कुणी मोठा माणूस समजू नका — माळ्यांवर जो असतो त्याला इथे चौधरी म्हणतात. मयूर विहारपासून चालत वीस मिनिटांवर नर्सरी, हाताखाली तीन माळी, आणि गेटाची चावी माझ्या कमरेला. चावी एकच. ती चौधरीकडेच राहायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, अशी रीत होती. नर्सरीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. पण रोपांना कुठली सुट्टी? म्हणून सोमवारी पाण्यापुरता मी एकटा जायचो, बदल्यात शनिवारी फक्त गेट उघडायला-लावायला जायचो.

एकटा म्हणालो. पुढे दोघं झालो.

त्या पोराचं नाव मी लिहिणार नाही. असल्या मुलांचं नाव कुठे छापायचं नाही असा कायदा आहे, आणि तो कायदा मला मनापासून आवडतो. शालन त्याला लंबू म्हणायची. सोळा वर्षांचा, बांबूसारखा वाढलेला, मान खाली घालून चालणारा. कुठल्याशा दोन मोठ्या पोरांच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि त्यांनी एका बाईच्या हातातला मोबाइल ओढला. ओढला दुसऱ्याने, पण सापडला हा. आई फ्लॅटांमध्ये स्वयंपाक करायची. बाप नव्हता.

आता ऐका. मी जन्मभर सरकारी माणसं पाहिली. साहेबांचे डबे उचलले, शिव्या खाल्ल्या. सरकारी माणसाबद्दल माझं मत काय होतं ते इथे न लिहिलेलं बरं. पण त्या एका पोरासाठी जी चार-पाच माणसं गोळा झाली — तशी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. त्यांच्याबद्दल कुणीच लिहिणार नाही. म्हणून आधी त्यांचं लिहितो. की मी मुद्द्यावर यायला टाळाटाळ करतोय? तेही असेल.

पहिल्या कविता मॅडम. प्रोबेशनवाल्या — म्हणजे मुलाला कोठडीत न घालता बाहेर ठेवलं तर त्याच्यावर लक्ष ठेवायचं, घरी जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, आणि सगळं बाल न्याय मंडळाला कळवायचं. त्या मंडळाला सगळे बोर्ड म्हणतात, मीही बोर्डच म्हणतो. मॅडम हरियाणाच्या, वय तिशीच्या आत, स्कूटीवरून यायच्या आणि हेल्मेट काढलं की केस सगळे उभे. बोर्डाने हुकूम दिला होता की पोराला होममध्ये, म्हणजे सुधारगृहात, ठेवू नका, समाजाच्या उपयोगाचं काम द्या, शाळा चालू ठेवा. हुकूम देणं सोपं. पण काम देणार कोण? मॅडम निगमच्या एकेका खात्याचे उंबरे झिजवत आमच्या भसीन साहेबांपर्यंत आल्या. साहेब बागखात्याचे, मनाने चांगले, पण तिरसट. म्हणाले, मैडम, यह जेल नहीं है, नर्सरी है. मॅडम म्हणाल्या, इसीलिए तो आई हूँ, सर.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चौधरी, तेरे पास.

मग पोलीस ठाण्याचे सतबीरजी. मुलांच्या केसेस त्यांच्याकडे. अशा मुलांसमोर वर्दी घालून यायचं नाही असा नियम, म्हणून ते साधा चेकचा शर्ट घालून यायचे, पण पायात बूट पोलिसाचेच. लंबूच्या आईला घाबरायला तेवढे बूट पुरायचे. एक दिवस ते त्यांना स्वतःला कळलं, आणि पुढच्या वेळेपासून हा सहा फुटी माणूस चपला घालून यायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते फार आवडलं होतं.

दर महिन्याला एकदा वॉर्ड ऑफिसात, जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी आहे तिच्या मागच्या खोलीत, हे सगळे बसायचे. मॅडम, भसीन साहेब, सतबीरजी, ओपन स्कूलचे एक मास्तर, लंबूची आई, लंबू आणि मी. एका पोरासाठी इतकी माणसं. त्याचं इंग्रजी कच्चं आहे, त्याला चष्मा लागेल का, त्याची जुनी टोळी गल्लीच्या तोंडाशी उभी असते तर त्याने कुठल्या रस्त्याने यावं — अशा गोष्टींवर ती माणसं तास-तास वाद घालायची. मास्तर आणि सतबीरजींचं तर त्या रस्त्यावरून कडाक्याचं वाजलं होतं. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. माझ्या लहानपणी माझ्या रस्त्याची कुणी एवढी काळजी केली नव्हती.

ठरलं होतं ते असं. आठवड्यातले तीन दिवस लंबूने सकाळी सात ते अकरा नर्सरीत काम करायचं. सोमवार त्यातला एक. दुपारी शाळा. हजेरीचा एक कागद होता, त्यावर चौकोन, रोज सही माझी. तीन महिने कागद साफ राहिला की बोर्ड त्याला मोकळा करणार, आणि ऑगस्टात आयटीआयमध्ये फिटरची जागा. ती जागा मॅडम आणि साहेबांनी कुठे-कुठे जाऊन अडवून ठेवली होती. म्हणजे त्या पोराचं पुढचं सगळं माझ्या सहीवर. चौथी पास माणसाच्या सहीवर.

काम करायचा का? करायचा. सुरुवातीला कुंड्या आदळायचा. मग एकदा मी त्याला गुलदाउदीचा शेंडा खुडायला शिकवलं — शेवंतीच ती, इथे गुलदाउदी म्हणतात. शेंडा नखाने खुडला की खालून चार फांद्या फुटतात. त्याला ते पटेना. तोडल्यावर वाढतं कसं, म्हणे. पंधरा दिवसांनी चार फुटवे आलेले पाहिले आणि त्या दिवसापासून तो पोरगा बदलला असं मी म्हणणार नाही, तसं गोष्टीत होतं. पण तो सातच्या आधी पाच मिनिटं गेटाशी उभा राहायला लागला. शालन माझ्या डब्यात त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त घालायची. कधी सोमवारी तिथे स्वतः यायची, बाकी कुणी नसायचं म्हणून. तिचं हिंदी भयंकर. झारीला इथे हजारा म्हणतात, ती मात्र झारीच म्हणायची, आणि त्याला तीच म्हणायला लावायची.

दोन महिने आणि काही दिवस झाले होते. कागद साफ.

आता सांगतो.

शालनच्या छातीत गाठ लागली होती. तपासणी झाली होती. रिपोर्ट एका सोमवारी मिळायचा होता, सरकारी हॉस्पिटलात, सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा. आदल्या दिवशी तिने विचारलं, याल ना? मी म्हणालो, सोमवारी नर्सरीत माझ्याशिवाय कोण आहे? सुट्टी मिळत नाही, साहेब चिडतात.

खोटं. एक फोन केला असता तर भसीन साहेबांनी मलाच रागे भरून हॉस्पिटलात पाठवलं असतं. मला माहीत होतं.

ती म्हणाली, अच्छा, मी जाईन एकटी. आणि पहाटे उठून तिने मला वांग्याची भाजी-पोळी करून दिली. स्वतःच्या रिपोर्टच्या दिवशी. मी डबा घेतला, कमरेला चावी लावली, आणि घराबाहेर पडलो.

नर्सरीत गेलो नाही.

का? मला डॉक्टरच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं म्हणून तिच्याबरोबर गेलो नाही, हे तुम्हाला समजेल. पण नर्सरीत का गेलो नाही? तेवढं तरी करता आलं असतं. मला वाटतं, त्या दिवशी मला कुणाच्याच समोर उभं राहायचं नव्हतं. लंबूने विचारलं असतं, आंटी कैसी हैं? मग मी काय बोलणार होतो? मेट्रोत बसलो. द्वारकेपर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. खिडकीशी बसून, मांडीवर डबा. माणसं चढत होती, उतरत होती, सगळ्यांना कुठे तरी जायचं होतं. द्वारकेला स्टेशनच्या बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि तिची भाजी खाल्ली. सगळी. भूक लागली होती मला — हेही लिहितो.

दुपारी तीनच्या सुमारास नर्सरीत पोचलो. गेटाला माझंच कुलूप. गेटाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला मोरपंखीच्या कुंड्यांची रांग होती. मे महिन्याचं ऊन, सगळीकडे माती फुटलेली. आणि त्या कुंड्यांची माती काळी. कुणीतरी पाणी घातलं होतं. शेवटच्या कुंडीत तोंड कापलेली एक प्लॅस्टिकची बाटली उलटी खोचून ठेवलेली. आत जाता आलं नाही तर बाहेरच्या कुंड्या तरी — समोरच्या नळावरून बाटलीने, एक-एक करून. दुसरं कोण करणार?

तेव्हा पोरगा आला होता हे मला ठाऊक होतं. नंतर मी जे केलं ते ठाऊक असून केलं.

कुलूप उघडलं. आतल्या रोपांना पाणी दिलं. नको तिथे दोन्ही हात मातीत घातले, नखांत माती जाऊ दिली. कोरड्या हातांनी घरी कसा जाणार होतो? चार वाजून गेल्यावर घरी पोचलो. शालन नुकतीच आली होती. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, गाठ कापायची म्हणाले, आधी हात धुवा. आणि मोरीत येऊन तिने माझ्या हातांवर पाणी घातलं. नखातली माती निघेपर्यंत घालत राहिली. 

मंगळवारी भसीन साहेब नर्सरीत आले. म्हणाले, काल दहा वाजता इकडून गेलो, गेट बंद होतं, काय भानगड? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — लड़का आया नहीं, साहब. वाट पाहिली, मग मोटर बघायला पलीकडच्या पार्कात गेलो होतो. कसं सुचलं इतकं चटकन? आयुष्यात मला काही चटकन सुचलेलं नाही. साहेब हळहळले. म्हणाले, असं करायला नको होतं पोराने. माझ्यावर शंका घेतली नाही. इतक्या वर्षांचा माणूस मी. मग त्यांच्यासमोर कागद काढला आणि सोमवारच्या चौकोनात माझ्या हाताने लिहिलं, गैरहजर.

मला वाटलं होतं, एका दिवसाने काय होतंय. मॅडम रागावतील, संपेल.

पण त्याच सोमवारी सकाळी मेट्रो स्टेशनाजवळ एका बाईच्या गळ्यातली चेन ओढली होती. मोटारसायकलवरून, दोघांनी. मागचा उंच होता म्हणे. शुक्रवारी त्या खोलीत सतबीरजींनी विचारलं, अगदी नीट विचारलं, बाळ, सोमवारी सात ते अकरा तू कुठे होतास? कागदावर गैरहजर आहे.

लंबूने माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं.

मॅडमनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज फाटला होता. तो म्हणाला, सो गया था, मैडम. त्याच्या आईने कपाळावर हात मारून घेतला, कारण ती सहाला कामाला निघताना त्याला जागा बघून गेली होती. ती ते बोलली, पण आईचं कोण धरतं?

मी त्या टेबलाशी बसलो होतो. दोन वाक्यांचं काम होतं. पोरगा आला होता. गेटाला माझं कुलूप होतं. बस. मला नोकरीवरून काढलं नसतं, चार शिव्या बसल्या असत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता — तू कुठे होतास, चौधरी? बायको रिपोर्ट घ्यायला एकटी गेली आणि तू कुठे होतास? त्या प्रश्नाला मी भ्यालो. आणि एका पोराला त्या प्रश्नाच्या पुढे उभा केला.

चोरीचा पुरावा काही नव्हता. पण अट मोडली होती, आणि पोरगा कुठे होता ते सांगत नव्हता. बोर्डाने त्याला चार महिन्यांसाठी होममध्ये पाठवलं. फिटरची जागा गेली. चेन ओढणारे दोघं पुढे सापडले, भलतेच निघाले, तोवर आयटीआयची दारं बंद झाली होती.

शालनने विचारलं, लंबू दिसत नाही? मी म्हणालो, ट्रेनिंगला पाठवलंय निगमने. तिचं तेव्हा ऑपरेशन होऊन इंजेक्शनं चालू होती, केस गेले होते. त्या स्थितीत ती म्हणाली, बरं झालं हो, त्याचं काहीतरी चांगलं झालं.

आणि ती बाकीची माणसं? माझ्या खोट्या कागदाने फसलेली? त्यांच्याबद्दल मला वाटतं ते मांडायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. मॅडम दर आठवड्याला होममध्ये जायच्या, रागावून नाही, पुस्तकं घेऊन. मास्तर सुट्टीच्या दिवशी बस बदलत जाऊन त्याला गणित शिकवायचे, त्याचा त्यांना कुणी छदाम देत नव्हतं. सतबीरजींनी स्वतः लिहून दिलं की चेनच्या चोरीशी याचा संबंध नाही, आणि ते लिहिताना ठाण्यात कुणाशी तरी भांडून आले. भसीन साहेब, तिरसट माणूस, बोर्डापुढे जाऊन म्हणाले की पोरगा सुटला की माझ्या नर्सरीत परत पाठवा, त्याची जबाबदारी माझी. पोरगा चुकला असं या सगळ्यांना वाटत होतं. तरी सोडलं नाही. आणि पोरगा चुकला नव्हता हे जाणणारा एकटा मी, तो गप्प.

तो परत आला तो माझ्याच हाताखाली. सोमवारी, सातला पाच कमी असताना. म्हणाला, नमस्ते चौधरी जी, आणि झारी उचलली.

त्या दुपारी शालनने त्याला जेवायला बोलावलं. डोक्याला रुमाल बांधून वाढत होती. तिच्या हिंदीत विचारलं, ट्रेनिंग कशी झाली? त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. बहुत अच्छी, आंटी, म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या वर्षी मॅडम आणि साहेबांनी पुन्हा सगळे उंबरे झिजवले आणि तीच फिटरची जागा मिळवली. शेवटची मीटिंग त्याच खोलीत झाली. मॅडम म्हणाल्या, आता याचा सगळा रेकॉर्ड नष्ट होईल. कायदाच तसा आहे — पोर सुधारलं की त्याचा कागद जगात कुठे राहता कामा नये, उद्या नोकरीला, लग्नाला कुणी तो पुढे करता कामा नये. केवढा मोठा विचार आहे बघा. साहेबांनी समोसे मागवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात मी. त्याच्यासाठी वाजवल्या का? त्या कागदांत माझ्या हातचा तो एक शब्द होता. तोही जाणार होता. मी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतो.

आज तो मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीच्या बसने जातो, आईचं काम त्याने सोडवलं. आयटीआयमधून निघाल्यापासून मला बाबा म्हणतो. शालन आणखी सहा-सात वर्षं जगली, चांगली जगली. मग दुखणं परत आलं. गेल्या वर्षी गेली. तिला नेताना माझ्या पुढचा खांदा त्याचा होता. उंचीमुळे त्याला वाकून चालावं लागत होतं, आणि तो पूर्ण वाटभर वाकून चालला.

मग काही महिन्यांनी तिची हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी मी उघडली. तिच्या सगळ्या चिठ्ठ्या, फिल्मा, तारखेप्रमाणे लावलेल्या. तळाशी त्या पहिल्या रिपोर्टचा कागद, आणि त्याला टाचणीने लावलेला एक छोटा पास. रुग्णाबरोबरच्या माणसाचा असतो तसा. तारीख त्या सोमवारची. वेळ साडेआठ. नाव लंबूचं, त्याच्या हातचं, वाकड्या हिंदीत. खाली रकाना — रुग्णाशी नातं. तिथे त्याने लिहिलं होतं, नर्सरी.

गेट बंद दिसलं तेव्हा त्याने बाहेरच्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मला बरं नसेल म्हणून घरी गेला असणार. दारात शालन फाइल घेऊन निघालेली. म्हणजे मी कामावर नाही हे तिला तिथेच, पायरीवर कळलं. आणि संध्याकाळी तिने माझ्या हातांवर पाणी घातलं. सगळं माहीत असून. नखं साफ होईपर्यंत.

रविवारी तो आला — दर रविवारी येतो, गच्चीतल्या कुंड्या बघतो, त्याला मराठीतले तीन-चार शब्द येतात तेवढे बोलतो. झारी, भाकरी, पुरे. मी तो पास त्याच्यासमोर ठेवला. त्याने बघितला.  मग म्हणाला, आंटी ने कहा था, वो डर गए हैं बेटा, किसी से कहना मत.

एवढंच. पास परत पिशवीत ठेवला आणि झारी घेऊन गच्चीत गेला.

कळलं का तुम्हाला? तिने सहज सांगितलं होतं. नवऱ्याची लाज राखावी म्हणून, एका पोराला, हॉस्पिटलच्या बाकावर. त्याची किंमत काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला कधीच कळू दिलं नाही — मीही नाही, त्यानेही नाही. त्याने चार महिने होममध्ये काढून तिला दिलेला शब्द पाळला. मी टेबलाच्या या बाजूला बसून तो पाळू दिला.

त्या दिवशी गच्चीत मी त्याच्या मागे गेलो नाही.  खालून पाण्याचा आवाज ऐकत बसलो.

मॅडमची बदली झाली, साहेब रिटायर झाले, मास्तर कुठे आहेत माहीत नाही. त्यांच्या मनात अजून ते आहे की एका सोमवारी पोरगा झोपून राहिला होता. त्याचा कागद बोर्डाने नष्ट केला, ते योग्यच केलं. माझा कागद कधी नव्हताच. आता हा आहे.

त्या सोमवारी लंबू हजर होता. सातला गेटावर, साडेआठपासून शालनजवळ. गैरहजर मी होतो.